पिसांचा चेंडू

परवा नातवाने गोल्फचा एक चेंडू आणून माझ्या हातावर ठेवला. "आजोबा, हा कसा बनवतात हो?" आजचे उत्तर सोपे आहे. कृत्रिम रबराचा गोळा साच्यात तापवून, दाबून घट्ट करतात आणि त्यावर प्लास्टिकचे कवच चढवतात. वरचे खळगे साच्यातूनच उठतात. वजन 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त नको, व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी नको, असा नियम. पण मला सांगायची होती ती त्याच्या पणजोबा-चेंडूची गोष्ट.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावी अॅलन रॉबर्टसन नावाचा कारागीर होता. त्या काळी चेंडू पिसांचा असे. कातड्याचे तुकडे शिवून लहानशी पिशवी करायची आणि छोट्या भोकातून उकडलेली पिसे सळईने ठासायची. एका चेंडूत उंच हॅट भरेल इतकी पिसे! वाळताना कातडे आक्रसते, पिसे फुगतात, आणि चेंडू दगडासारखा घट्ट होतो. निष्णात कारागिराचेही दिवसाकाठी तीन-चारच चेंडू होत. साहजिकच ते महाग, आणि पावसात भिजले की निकामी.

1848च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. गटापर्चा म्हणजे मलायाकडच्या एका झाडाचा चीक. तो गरम पाण्यात मऊ होतो, हाताने वळता येतो आणि गार झाला की कडक होतो. गंमत अशी, की रॉबर्ट पॅटरसन याच्याकडे पूर्वेकडून विष्णूची एक मूर्ती आली, तिच्याभोवती हा गटापर्चा भरलेला होता, त्यातून त्याने पहिला चेंडू वळला, असे सांगतात. आख्यायिका असेल, पण आपल्याला आवडण्यासारखी आहे. नवा चेंडू स्वस्त होता. फुटला तर वितळवून पुन्हा वळता येई. गुळगुळीत असताना तो नीट उडत नसे, वापरून ओरखडे पडले की छान उडे. मग लोक मुद्दामच हातोडीने खाचा पाडू लागले. आजच्या खळग्यांचे मूळ तिथे आहे.

रॉबर्टसन मात्र हादरला. झुडपांत सापडलेले नवे चेंडू तो पोरांकडून विकत घेई आणि जाळून टाकी. त्याच्याच हाताखाली तयार झालेला टॉम मॉरिस एकदा नव्या चेंडूने खेळला. कुणीतरी चहाडी केली, बोलाचाली झाली, आणि गुरू-शिष्यांची फारकत झाली. 1851 साली टॉम प्रेस्टविकला गेला आणि पुढे मोठा नावारूपाला आला.

हे वाचताना मला माझा वर्ग आठवला. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी मुलांची बॉलपेने जप्त करीत असे. अक्षर बिघडते, शाईचे पेनच हवे, हा माझा हट्ट. एका मुलाजवळ दुसरे पेन नव्हते. तो तासभर नुसता बसून राहिला. मी त्याला कारण विचारले नाही. शाईचे पेन घेण्याची त्याच्या घरची ऐपत नव्हती, हे मला फार उशिरा कळले. माझे म्हणणे अगदीच चूक नव्हते, पण मी जपत होतो ते त्याचे अक्षर की माझी सवय?

रॉबर्टसन शेवटी वळला. स्वतः गटापर्चाचे चेंडू बनवू लागला. 1858 साली त्याने सेंट अँड्र्यूजची फेरी 79 फटक्यांत पूर्ण केली. 80च्या आतली तिथली ती पहिली फेरी मानतात. पुढच्या वर्षी तो वारला. गटापर्चाही कायमचा राहिला नाही. अमेरिकेत कोबर्न हॅस्केलने रबराचा ताणलेला धागा गुंडाळून चेंडू केला, आणि 1902 साली सँडी हर्डने त्याच चेंडूने ब्रिटिश ओपन जिंकली.

असो. नातू केव्हाच उठून खेळायला गेला होता. चेंडू माझ्या टेबलावर आहे, शाईच्या पेनाशेजारी. आणि हे सारे मी टंकतो आहे ते कळफलकावर!