बेसिल आणि कैसरियाचा दुष्काळ

ख्रिस्ती औदार्याचा विषय निघाला म्हणजे एखाद्या श्रीमंतानें सर्वस्व वाटून एकांतवास पत्करल्याच्या कथा बहुधा सांगितल्या जातात. त्या हृदयंगम खऱ्या. परंतु औदार्याची खरी कसोटी साऱ्या गांवावर संकट येतें तेव्हां लागते. अशी एक कसोटी इ. स. ३६८-६९ च्या सुमारास कॅपाडोशिया प्रांतांतील कैसरिया नगरांत लागली. आजच्या तुर्कस्थानांतील कायसेरी तें हेंच.

पावसानें दगा दिला आणि शेतें करपून गेलीं. समुद्रकांठच्या नगरांना अशा वेळीं गलबतांतून धान्य आणतां येतें. कैसरिया समुद्रापासून दूर, उंच पठारावर वसलेलें. तेव्हां गांवांत जें धान्य शिल्लक होतें त्यावरच साऱ्यांचा जीव अवलंबून होता. आणि धान्य शिल्लक होतें, हीच या दुष्काळाची मर्मभेदक गोष्ट होय! तें कोठारांत कुलुपबंद होतें आणि धनी भाव चढण्याची वाट पाहत होते.

बेसिल त्या वेळीं बिशप झाला नव्हता. सुमारें ३३० सालीं एका सधन जमीनदार घराण्यांत जन्मलेला, अथेन्स येथें शिकलेला हा धर्मोपदेशक धनिकांची मनोवृत्ति घरांतूनच ओळखत होता. लूककृत शुभवर्तमानांत जुनीं कोठारें पाडून मोठीं बांधूं पाहणाऱ्या धनवानाचा दृष्टान्त आहे. त्यावर बेसिलनें केलेलें प्रवचन आजहि उपलब्ध आहे. नाटकगृहांत आधीं शिरलेल्या माणसानें मागून येणारांस मज्जाव करावा, तसा हा साठेबाजांचा व्यवहार आहे, असें तो म्हणतो. उपसा असलेल्या विहिरीचें पाणी निर्मळ राहतें, उपसा थांबला कीं तें नासतें. संपत्तीचेंहि तसेंच, असें तो सुचवितो. धान्यासाठीं पोटचें मूल विकण्याची पाळी आलेला बाप कोणतें मूल विकावें या विचारानें कसा तळमळतो, याचें त्यानें काढलेलें चित्र वाचवत नाहीं. गरजेहून अधिक जें आपण राखून ठेवतों तें वस्तुतः गरजवंताचें असतें, हा त्याच्या युक्तिवादाचा गाभा आहे.

नाझियान्झसचा ग्रेगरी हा त्याचा सहाध्यायी व जिवलग मित्र. तो सांगतो कीं, बेसिलच्या वाणीनें कोठारें उघडलीं. मग त्यानें भुकेलेल्यांना एकत्र जमवून कडधान्याच्या आमटीचे हंडे मांडले आणि स्वतः वाढलें. हें मित्रानें मृत्यूनंतर केलेलें गौरवपर भाषण आहे, हें ध्यानांत ठेवून त्याची किंमत केली पाहिजे.

ही वृत्ति एकाएकीं उपजली नव्हती. दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोममध्यें जस्टिन लिहितो कीं, रविवारच्या उपासनेंत ज्याची इच्छा असेल तो यथाशक्ति देतो आणि त्यांतून अनाथ, विधवा, रोगी, बंदिवान व परके यांची तरतूद होते. २५१ सालीं रोमची मंडळी १,५०० हून अधिक विधवा व निराश्रितांचें पोषण करीत होती. ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवतांकडे वळलेला सम्राट ज्यूलियन यालाहि ही गोष्ट डांचत होती. कॅपाडोशियाशेजारच्या गलातिया प्रांतांतील मुख्य पुरोहितास त्यानें ३६२ सालीं लिहिल्याचें पत्र सोझोमेन या इतिहासकारानें दिलें आहे. हे लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आमच्याहि गरिबांना पोसतात, याची त्याला लाज वाटते. म्हणून तो नगरोनगरीं धर्मशाळा काढावयास सांगतो आणि दरवर्षीं ३०,००० रोमन मापें धान्य मंजूर करतो. प्रतिपक्षानें दिलेली ही साक्ष अधिक मोलाची होय.

३७० सालीं बेसिल बिशप झाला. त्यानंतर त्यानें नगराबाहेर एक विस्तीर्ण आश्रयस्थान उभारलें. तेथें वाटसरू, दरिद्री, रोगी आणि घरादारांतून हांकलले गेलेले महारोगी यांना आसरा मिळाला. या बांधकामाविरुद्ध सुभेदाराकडे कागाळ्या गेल्या, तेव्हां बेसिलनें त्याला पत्र लिहिलें. त्यांत वैद्य, शुश्रूषा करणारे, ओझ्याचीं जनावरें आणि निरनिराळ्या हुन्नरांसाठीं लागणाऱ्या जागा यांचा उल्लेख आहे. पुढें ही संस्था ‘बेसिलियास’ या नांवानें प्रसिद्धीस आली. बेसिल ३७९ सालीं वारला.

श्रोतेहो, यांत एक मर्यादा आहे, ती झांकून ठेवणें योग्य नव्हे. कोठाराची किल्ली अखेरपर्यंत धन्याच्याच हातांत राहिली. बेसिलपाशीं कायदा नव्हता, शिपाई नव्हते. होते ते केवळ शब्द. धन्याचें मन द्रवलें नसतें तर उपाशी माणसाला दुसरा आधार नव्हता. प्रवचनावर न थांबतां त्यानें पुढें कायमची संस्था उभारली, तिचें महत्त्व मला यासाठींच वाटतें. दुष्काळांतील दया दुष्काळाबरोबर ओसरते. नगराबाहेरचें तें दार मात्र सुकाळांतहि उघडें राहत होतें. देणाऱ्याच्या लहरीवर घेणाऱ्याचा जीव टांगता राहूं नये, एवढी व्यवस्था करणें हाहि औदार्याचाच भाग आहे. आणि तो पहिल्या भागापेक्षां कठीण आहे.