सूड, विलंब आणि वध : ‘कीचकवधा’च्या संविधानकाचा विचार

सूडनाट्याचे संविधानक तीन गोष्टींवर उभे असते : घडलेला अन्याय, त्याच्या परिमार्जनास लागणारा विलंब आणि अखेरचा प्रतिकार. यांपैकी पहिली व तिसरी गोष्ट सूडाच्या कोणत्याही कथेत आढळते. नाटककाराचा कस लागतो तो विलंबात. ‘हॅम्लेट’मध्ये पित्याचा मारेकरी कोण हे नायकाला पहिल्याच अंकात कळते, आणि तो मारेकरी मरतो शेवटच्या प्रवेशात. मधला सर्व काळ नायकाच्या मनाने व्यापलेला आहे. गोपाळ गणेश आगरकर यांनी या नाटकाचे मराठी रूपांतर १८८३ मध्ये प्रसिद्ध केले तेव्हा त्याला ‘विकारविलसित’ असे नाव दिले. विलंबाचे कारण मनोविकारांत शोधावयाचे, ही दृष्टी त्या नावातच व्यक्त झाली आहे. पुढे शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशी यांनी चंद्रसेनाच्या भूमिकेत हेच अंतर्द्वंद्व मराठी प्रेक्षकांपुढे उभे केले.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या १९०७ मधील नाटकाचे नाव मात्र विकाराचे नसून कृतीचे आहे : ‘कीचकवध’. येथे शब्दाचा थोडा विचार करणे अवश्य आहे. संस्कृतात ‘वध’ म्हणजे केवळ मारणे. मराठी वापरात या शब्दाला बहुधा समर्थनाची छटा आली आहे. कंसाचा आणि अफजलखानाचा होतो तो वध. निरपराध्याची होते ती हत्या. १९४८ नंतर ‘गांधीहत्या’ व ‘गांधीवध’ या शब्दांवरून जो वाद झाला, त्याचे मूळ याच भेदात आहे. कोणता शब्द वापरावयाचा हे ठरविताना वक्ता निवाडाही देऊन टाकत असतो. ‘कीचकवध’ या शीर्षकाने पडदा उघडण्यापूर्वीच तो निवाडा दिलेला आहे.

मूळ कथा विराटपर्वातील. अज्ञातवासाचे वर्ष संपत आले असता विराटाचा सेनापती आणि राणी सुदेष्णेचा भाऊ कीचक सैरंध्रीची अभिलाषा धरतो. राणी तिला मद्य आणण्याच्या निमित्ताने त्याच्या घरी पाठविते. ती निसटून राजसभेत येते, तेव्हा तो तिला सर्वांदेखत लाथ मारतो. भीम संतापाने वृक्षाकडे पाहू लागतो, तोच कंक झालेला युधिष्ठिर ‘सरपण हवे तर बाहेर पाहा’ अशा आशयाचे बोलून त्याला आवरतो. ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षे वनवास, अशी अट असल्यामुळे येथील विलंब हा द्विधा मनाचा नसून कराराचा आहे. अन्यायाविषयी शंका कोणालाच नाही. प्रश्न वेळेचा आहे. रात्री पाकशाळेत जाऊन द्रौपदी भीमाला जागे करते, कीचकाला नृत्यशाळेत बोलावण्याचे ठरते आणि तेथे अंधारात सूड पुरा होतो.

खाडिलकरांनी या विलंबालाच राजकीय अर्थ दिला. ते टिळकांचे सहकारी होते व वंगभंगाची चळवळ ताजी होती. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन, द्रौपदीत देश, युधिष्ठिरात नेमस्त आणि भीमात जहाल पक्ष पाहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरतेस काँग्रेस फुटली. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली आणि व्हॅलेंटाइन चिरोल यांनी आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली. पुराणकथेला आक्षेप घेणे कठीण होते. आक्षेपार्ह होता तो प्रेक्षकांनी बाहेरून आणलेला अर्थ.

कथा आधीच ठाऊक असलेल्या या प्रेक्षकाचे स्वरूप दक्षिण कोकणात अधिक स्पष्ट दिसते. घाटमाथ्यावरून उतरणाऱ्या कोल्हापूरच्या वाटेवरील फोंडाघाटापासून मालवणच्या किनाऱ्यापर्यंतच्या मुलखात जत्रेच्या रात्री दशावतार होतो. पूर्वरंगात संकासुर येतो, उत्तररंगात पौराणिक आख्यान रंगते आणि पहाटे दहीकाल्याने सांगता होते. परंपरेने या नाटकाला लिखित संहिता नाही; कथासूत्र ठरलेले असते आणि संवाद पात्रे आयत्या वेळी रचतात. दुष्टाचा अंत होणार हे पहिल्यापासून ठाऊक असल्याने प्रेक्षक घटनेची वाट पाहत नाही. तो पात्रांचा वाद ऐकत बसतो. कोणी कोणाला का मारावे, हे रंगमंचावर शब्दांनी सिद्ध करावे लागते. खाडिलकरांचे नाटक संहिताबद्ध असूनही त्याची शक्ती याच जातीची आहे.

मग ‘कीचकवध’ ही शोकांतिका ठरते काय? कीचकाच्या बाजूने पाहता नाही. त्याचा हेतू एकपदरी आहे. भीमाच्या बाजूनेही नाही, कारण त्याच्या मनात संशय नाही. शोकात्म व्यक्ती असलीच तर ती युधिष्ठिराची. पत्नीचा अपमान तो डोळ्यांनी पाहतो आणि दिलेल्या शब्दाखातर गप्प राहतो. शिवाय महाभारतातील सूड वधाशी संपत नाही. उपकीचक सैरंध्रीला प्रेताबरोबर जाळू पाहतात, त्यांचाही संहार होतो. आणि कीचक मेल्याची वार्ता पसरताच त्रिगर्त व कौरव मत्स्यदेशावर चालून येतात. युधिष्ठिराचे भय निराधार नव्हते, हे कथाच दाखविते. त्याला केवळ दुबळा मानणारे वाचन १९०७ च्या प्रेक्षकास स्वाभाविक होते. आजच्या अभ्यासकाने मात्र भीमाच्या बळाइतकेच त्याच्या मौनाचेही कारण विचारले पाहिजे.