‘काहीच घडत नाही’ : भुताचं घर, स्वस्तातला चित्रपट आणि प्रेक्षकाचं मत

मंडळी, विषय वाचून काहींना वाटलं असेल, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला म्हातारपणी हे काय सुचलं! पण प्रश्न मला गंभीर वाटतो. एकच भुताचा चित्रपट पाहून एक जण म्हणतो, ‘रात्रभर डोळा लागला नाही’. शेजारचा म्हणतो, ‘दीड तास काहीच घडलं नाही, पैसे पाण्यात’. दोघंही खरंच बोलताहेत. तरी घाबरलेला भित्रा ठरतो आणि न घाबरलेला अरसिक, आणि बोलणं तिथेच संपतं.

आज मुख्य उदाहरण ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’चं घेतो. ओरेन पेली हा मूळचा संगणकाचा प्रोग्रॅमर. २००६ साली त्याने अमेरिकेत सॅन डिएगो इथल्या स्वतःच्या राहत्या घरात, आठवडाभरात, सुमारे १५ हजार डॉलरमध्ये हा चित्रपट चित्रित केला. नट दोनच प्रमुख, आणि चित्रपटातही त्यांची नावं त्यांचीच, केटी आणि मायका. संवाद बरेचसे आयत्या वेळचे. पडका वाडा नाही, कोळिष्टकं नाहीत, पांढऱ्या साडीतली बाई तर नाहीच. नवं, स्वच्छ, उपनगरातलं घर. आणि रात्री झोपण्याच्या खोलीत तिकाटण्यावर ठेवलेला एक कॅमेरा.

२००७च्या स्क्रीमफेस्ट महोत्सवात तो दाखवला गेला. ड्रीमवर्क्सने तो घेतला तेव्हा विचार असा होता, की मोठे नट घेऊन, पैसा ओतून हाच चित्रपट पुन्हा काढावा. मग चाचणीच्या खेळाला काही लोक उठून जाऊ लागले. कंटाळून गेले असं आधी वाटलं, पण ते घाबरून जात होते, ही हकिगत निर्मात्यांकडून पुढे वारंवार सांगितली गेली. ती जाहिरातीच्या किती सोयीची आहे हे आपणही ओळखावं. पण तिच्यातली गंमत बघा. माणूस खुर्चीतून उठला, एवढंच दिसतं. ते कंटाळ्याचं मत की भीतीचं, हे पाठीवरून कळत नाही.

शेवटी पेलीचाच चित्रपट, शेवट बदलून, पॅरामाउंटने २००९च्या सप्टेंबरात काही मोजक्या, मुख्यतः महाविद्यालयांच्या गावांत मध्यरात्रीच्या खेळांनी सुरू केला. जाहिरातीत चित्रपट कमी आणि अंधारात दचकणारे प्रेक्षकच जास्त. ‘आमच्या गावात आणा’ अशी मागणी लोकांनी नोंदवायची. दहा लाख मागण्या झाल्या की देशभर लावू. त्या झाल्या. म्हणजे चित्रपट न पाहिलेल्या दहा लाखांनी त्याच्या बाजूने मत दिलं! जगभरचा गल्ला १९ कोटी डॉलरच्या वर गेला.

हे सगळं नवं वाटतं, पण नाही. पन्नास वर्षं मागे जाऊ. अमेरिकेतच विल्यम कॅसल नावाचा निर्माता-दिग्दर्शक होता, कमी पैशात चित्रपट काढणारा. १९५८च्या ‘मकाब्र’साठी त्याने प्रेक्षकांचा हजार डॉलरचा विमा उतरवला, चित्रपट बघताना भीतीने कुणी दगावलं तर! पुढच्याच वर्षी ‘हाउस ऑन हाँटेड हिल’. एक श्रीमंत माणूस पाच जणांना भुताच्या घरात एक रात्र काढायचे प्रत्येकी १० हजार डॉलर देऊ करतो. व्हिन्सेंट प्राइसचं काम आजही बघावं असं. पण खरा खेळ पडद्याबाहेर होता. पडद्यावर सांगाडा उठला की थिएटरातही तारेवरून एक सांगाडा प्रेक्षकांच्या डोक्यावरून सरकत जायचा. पोरं त्याच्यावर पॉपकॉर्नचे पुडे फेकायची, कुणी गलोल घेऊन यायचं. आता ती घाबरली होती का? मला विचाराल तर नाही. आणि तरीही खूश होऊन घरी गेली. ‘भीती वाटली नाही, म्हणून वाईट’ ही आपली फूटपट्टी त्या पोरांना लागूच पडत नाही.

हाच कॅसल पुढे दुसऱ्या टोकाला गेला. १९६१च्या ‘होमिसायडल’मध्ये (ही खुनाची गोष्ट, भुताची नव्हे) शेवटाआधी ४५ सेकंदांची विश्रांती दिली. घाबरला असाल तर उठा, पैसे परत. पण पैसे घ्यायला ‘भित्र्यांच्या कोपऱ्यात’ सगळ्यांदेखत उभं राहायचं! म्हणजे मत द्यायला मोकळीक होती, फक्त त्याची किंमत होती अब्रू. त्याच वर्षीच्या ‘मिस्टर सार्डोनिकस’मध्ये खलनायकाला शिक्षा की क्षमा, यावर प्रेक्षकांचं मतदान घेतलं. क्षमेचा शेवट मात्र आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही. आपल्याकडे २००८ साली ‘फूंक’च्या वेळी, थिएटरात एकट्याने बसून चित्रपट पाहील त्याला पाच लाखांचं बक्षीस रामगोपाल वर्मांनी जाहीर केलं. जात तीच. नट, सेट, यंत्रं यांना पैसा नसला की प्रेक्षकालाच नट करायचं.

म्हणून या चित्रपटांबद्दलचं मत स्वच्छ राहत नाही. आपण काय पाहिलं यापेक्षा आपण किती धीट, हेच सांगत बसतो. त्यात १५ हजारांचा आकडा. आवडलं तर ‘एवढ्याशा पैशात!’, नावडलं तर ‘दिसतंच आहे की’. भाजी चिरणाऱ्या बाईच्या हातापेक्षा भाजीच्या भावाची चर्चा जास्त.

इथे कांटची मदत होते. १७९०च्या ग्रंथात तो म्हणतो, की अमुक मद्य मला सुखद वाटतं, असं म्हणणारा माणूस फक्त स्वतःबद्दल बोलतो; त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. ‘हे सुंदर आहे’ म्हणणारा मात्र तुमच्याकडूनही होकाराची अपेक्षा करतो. आपले दोन प्रेक्षक मद्याबद्दल बोलताहेत आणि भांडताहेत सौंदर्यासारखे. ‘मला भीती वाटली’ याचं खंडन ‘मला नाही वाटली’ने होत नाही, दोन्ही विधानं शेजारी सुखाने नांदू शकतात.

भरतमुनींनी भयानक रसाच्या विभावांत कोल्ह्या-घुबडांबरोबर ‘शून्यागार’ सांगितलं आहे, म्हणजे रिकामं घर. विषय जुनाच आहे, मंडळी! आणि अभिनवगुप्त भयानकाचं उदाहरण घेतो ते शाकुंतलातल्या पळणाऱ्या हरणाचं. आस्वाद घेताना ती भीती माझी नसते, माझ्या मित्राची नसते, शत्रूची नसते. ‘मी’ मध्ये आला की रसात विघ्न. या कसोटीवर ‘घरी जाऊन दिवा लावून झोपलो’ ही चित्रपटाची स्तुतीच होत नाही. ते निव्वळ भय आहे, रस नव्हे. कुणी म्हणेल, हे फार कडक झालं. थोडं आहे खरं. पण या कसोटीमुळे आपण स्वतःची नाडी सोडून पडद्याकडे बघू लागतो.

तिथे काय दिसतं? उजवीकडे पलंग, डावीकडे उघडं दार, दारापलीकडे काळोख. कॅमेरा हलत नाही, मध्ये दुसरं दृश्य नाही. कुठे बघायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून आपणच दार, पांघरूण, काळोख असे कोपरे तपासत राहतो. एका रात्री केटी उठते आणि पलंगाशेजारी, झोपलेल्या मायकाकडे तोंड करून उभी राहते. कोपऱ्यातलं घड्याळ भरभर धावतं, सुमारे दोन तास. ती तशीच. ना किंकाळी, ना रक्त. या दृश्यासाठी एक नटी, एक पलंग आणि थोडी कॅसेट लागली असेल. ‘काहीच घडत नाही’ म्हणणाऱ्याचं वर्णन इथे अगदी अचूक आहे. फक्त त्याने ते तक्रार म्हणून नोंदवलं; मी त्याला विचारेन, घड्याळ धावत असताना तू फ्रेममध्ये नेमकं कुठे बघत होतास? दारात, की तिच्या पाठीकडे? आणि हाच प्रश्न मी रात्रभर जागणाऱ्यालाही विचारेन.

बरं, वेळ झाली. आता तुमचे प्रश्न घेऊ.