व्यापारविषयक अपप्रचार

प्रतिस्पर्ध्याचा माल, सेवा किंवा व्यवसाय यांविषयी असत्य व हानिकारक विधाने पसरविण्याच्या कृत्यास व्यापारविषयक अपप्रचार म्हणतात. हे अपकृत्य बदनामीहून भिन्न आहे. दुकानदार लबाड आहे, असे म्हटल्यास त्याच्या अब्रूस बाध येतो; त्याने दुकान बंद केले, अशी कंडी पिकविल्यास अब्रूस धक्का न लागताही त्याचा धंदा बुडू शकतो.

इंग्लंडमधील रॅटक्लिफ विरुद्ध एव्हन्स (१८९२) या खटल्यात नेमका हाच प्रश्न उद्‌भवला. वादीची पेढी बंद पडल्याचे खोटे वृत्त एका वृत्तपत्राने छापले होते. दुरावलेल्या गिऱ्हाइकांची नावे वादीस देता आली नाहीत. तथापि धंद्यातील एकंदर घट हा नुकसानीचा पुरावा म्हणून ग्राह्य ठरला. विधान असत्य व द्वेषमूलक असल्याचे शाबीत करण्याचा भार मात्र वादीवरच राहिला. पुढे व्हाइट विरुद्ध मेलिन (१८९५) या खटल्यात, आपला माल सरस असल्याची केवळ बढाई दाव्यास पुरेशी नाही, असे हाउस ऑफ लॉर्ड्‌सने ठरविले. भारतीय न्यायालयांनी हीच तत्त्वे बव्हंशी स्वीकारली.

भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ४९९ अन्वये कंपनीची बदनामी हाही अपराध होता. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ ने घेतली असून त्यात कमाल दोन वर्षांच्या साध्या कैदेची तरतूद आहे. मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा अधिनियमात (१९६९) १९८४ साली दुरुस्ती होऊन अपप्रचाराचा अनुचित व्यापारी प्रथांत समावेश झाला व नुकसान सोसलेल्या व्यापाऱ्यासही आयोगाकडे भरपाई मागता येऊ लागली. २००९ मध्ये तो अधिनियम निरसित झाल्याने हा मार्ग बंद झाला. ग्राहक संरक्षण अधिनियमात (२०१९) ही प्रथा अनुचितच मानली आहे. परंतु त्याखालील भरपाई ग्राहकासाठी आहे, प्रतिस्पर्धी व्यापाऱ्यासाठी नव्हे.

परिणामी दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम हाच व्यापाऱ्याचा मुख्य आधार उरला आहे. अमूल आइसक्रीमच्या जाहिरातींत ‘फ्रोझन डेझर्ट’ या पदार्थात वनस्पती तूप असल्याचे सूचित केले आहे, अशी तक्रार हिंदुस्थान युनिलिव्हरने केली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्या जाहिरातींना मनाई केली व २०१८ मध्ये खंडपीठाने तो निर्णय कायम ठेवला. एका उत्पादकाचे नाव न घेता मालाच्या संपूर्ण वर्गाची निंदा केल्यासही दाद मागता येते, हे यातून स्पष्ट झाले.

दावा अपकृत्य घडले तेथे किंवा प्रतिवादी राहतो तेथे दाखल करता येतो. उदा., खडकवासला येथील व्यापाऱ्याविषयी तेथेच अफवा पसरविली गेल्यास, प्रतिवादी मुंबईचा असला, तरी पुणे येथे दावा चालू शकतो. बदनामीच्या भरपाईसाठी मुदत अवघी एक वर्ष आहे. छापील मजकुराचा कर्ता सहसा सापडतो. तोंडी अफवेचा उगम मात्र साक्षीदारांवाचून सिद्ध होत नाही. त्यामुळे लहान दुकानदारास कायद्याचे संरक्षण असूनही ते पदरात पाडून घेणे कठीण जाते.