उन्हात ठेवलेला घट

चंद्राच्या कला का होतात, असे सुशिक्षित माणसास विचारले तर पुष्कळदा उत्तर मिळते, ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून.’ हे उत्तर ग्रहणाचे झाले, कलांचे नव्हे. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती फक्त पौर्णिमेस, आणि तीही क्वचित. अष्टमीला सूर्य व चंद्र परस्परांपासून सुमारे ९० अंशांवर असतात. त्या वेळी ती सावली चंद्राच्या जवळपासही नसते. आम्ही साहित्याचे अध्यापक. खगोलगणित आमच्या अधिकाराबाहेरचे. पण या प्रश्नाचे योग्य उत्तर संस्कृत ग्रंथांत दीड हजार वर्षांपासून आहे आणि ते एका घरगुती दृष्टान्तात आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

दक्षाच्या शापाने चंद्राला क्षय जडला, ही कथा सर्वश्रुत आहे. विष्णुपुराण आणखी एक कारण सांगते : देव चंद्रातील अमृत पितात आणि रित्या झालेल्या चंद्राला सूर्य आपल्या एका किरणाने पुन्हा भरतो. या कल्पनेला हसण्याची घाई करू नये. चंद्राचे तेज सूर्याकडून येते, ही जाणीव तिच्यात आहेच. यास्काच्या निरुक्तातही सूर्याच्या एका किरणाने चंद्र उजळतो असे म्हटले आहे. अडचण वेगळीच आहे. चंद्राला पात्र मानले की जे घडते ते पात्राच्या आत घडते. पाहणारा कोठे उभा आहे, याला काही मोलच उरत नाही.

इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने लिहिले, की पृथ्वी आणि ग्रह यांच्या गोलांचे सूर्यासमोरचे अर्ध उजळते व दुसरे अर्ध स्वतःच्याच सावलीने काळवंडते. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत त्याला दृष्टान्त दिला तो उन्हात ठेवलेल्या घटाचा. घट हेही पात्रच! पण पुराणाचे लक्ष पात्राच्या पोटाकडे होते, वराहमिहिराचे त्याच्या पाठीकडे आहे. घट सदैव अर्धा उजळलेला असतो. त्याच्याभोवती फिरून पाहणाऱ्याला उजेडाचा कधी अधिक, कधी उणा भाग दिसतो.

हाच घट पुढे ब्रह्मगुप्ताने उचलला आणि त्यातून काही अधिक काढले. विष्णुपुराणात पृथ्वीपासून सूर्य एक लक्ष योजनांवर आणि चंद्र त्याच्याही वर तेवढाच दूर आहे. ब्रह्मस्फुटसिद्धान्तात (इ. स. ६२८) ब्रह्मगुप्त विचारतो, की चंद्र सूर्याच्या वर असता तर कला झाल्या असत्या कशा? त्याची आपल्याकडील बाजू सदैव उजळच राहिली असती. अमावास्या होते, एवढ्यावरूनच चंद्र सूर्याच्या अलीकडे आहे हे ठरते. अंगणातून दिसणाऱ्या कोरेने विश्वाची उतरंड बदलून टाकणारे हे विधान आम्हांला दृष्टान्ताहूनही मोठे वाटते.

आणि तोच ब्रह्मगुप्त ग्रहणाच्या प्रकरणी राहूची बाजू घेतो! सावलीने ग्रहण होते, हे त्याला ठाऊक आहे. त्याचे गणितही त्यावरच चालते. तरी राहू नाकारणाऱ्या आर्यभट-वराहमिहिरांना तो श्रुतिस्मृतींच्या विरोधात गेल्याचा दोष देतो. अकराव्या शतकात अल्बेरूनीने यावर त्याची कडक हजेरी घेतली. आम्हांला ही निव्वळ लबाडी वाटत नाही. कलांच्या बाबतीत बोलायला मोकळीक होती, ग्रहणाभोवती मात्र स्नान, दान, श्राद्ध यांचा सारा व्यवहार उभा होता. मराठी वाचकाला या सिद्धान्तग्रंथांची ओळख शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात १८९६ सालीच करून दिली आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

जुनी सवय गणितातही रेंगाळलेली दिसते. पुराणाच्या हिशेबात रोज एक अशा पंधरा सारख्या कला. म्हणजे शुद्ध तृतीया संपताना चंद्र एक पंचमांश भरलेला हवा. सूर्यसिद्धान्ताचा नियम असा, की सूर्यचंद्रांतील अंतराच्या दर ९०० कलांना (येथे कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) बारा अंगुळांच्या बिंबाचे एक अंगुळ उजळते. तृतीयेच्या अंती अंतर ३६ अंशांचे, म्हणजे २१६० कलांचे, त्याची २.४ अंगुळे येतात. पुन्हा एक पंचमांशच! घट मात्र गोल आहे, आणि गोलाच्या कडेवरचा उजेड समोरून आकसलेला दिसतो. त्या संध्याकाळी पश्चिमेला प्रत्यक्षात दिसते ती बिंबाच्या दहाव्या हिश्शाहूनही किंचित कमी अशी कोर.