युनिव्हर्सिटीपर्यंत

आमच्या बँकेची सहल बोदलकसाच्या तलावावर गेली होती. जेवणे उरकली. काठावर फुटबॉल खेळणाऱ्या पोरांपैकी एकाने विचारले, "काका, तुमी बी खेरत होते का जी?"

बायकोची नजर चुकवून मी म्हणालो, "होतो म्हणजे? युनिव्हर्सिटीपर्यंत!"

'पर्यंत' हा शब्द फार सोयीचा आहे. २००१ साली आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी मी कॉलेजच्या संघाबरोबर नागपूरपर्यंत गेलो होतो, हे खरेच आहे. पुढचा दोष इतिहासाचा.

नागपूर विद्यापीठ १९२३ चे. तेव्हा संघ निवडणाऱ्यांपुढे जबलपूरपासून अकोल्यापर्यंतची पोरे. १९४६ साली सागर विद्यापीठ निघाले आणि जबलपूर गेले. १९८३ साली अमरावतीचे निघाले, वऱ्हाड गेला. २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाले आणि चंद्रपूर, गडचिरोलीही गेले. नाव लांबले, हद्द आखडली. म्हणजे दर वाटणीला आमच्यासारख्यांची संधी वाढतच होती! पण माझ्या पायांमधून चेंडू काढून नेणारा तो पोरगा नेमका चंद्रपूरचा. सरकारने गोंडवाना विद्यापीठ दहा वर्षे आधी काढले असते तर त्याचे काय बिघडत होते?

अर्थात कामठी उरलीच असती. १८२१ पासूनची लष्करी छावणी ती. तिथली पोरे फुटबॉलवरच वाढतात. शिवाय आंतरविद्यापीठ फुटबॉलची ट्रॉफी सर आशुतोष मुखर्जींच्या नावाची. हे गृहस्थ न्यायमूर्ती आणि वर गणिती. गणिताला भिऊन कॉमर्सला गेलेल्या माणसाच्या हाती ती लागणार कशी?

हे सगळे मी त्या पोराला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"पन खेरलात कोनत्या जागेवर जी?"

बायको आता सरळ माझ्याकडेच बघत होती.

"राखीव होतो," मी म्हणालो.

"राखीव म्हंजे?"

"म्हणजे त्या समोरच्या जंगलासारखा. तसाच ठेवायचा, वापरायचा नाही. ती सगळी मॅच मी बाकावरूनच पाहिली."

"अन् तो चंद्रपूरवाला?"

"तो सकाळच्या प्रॅक्टिसमधला."

पोराला त्याचे काहीच वाटले नाही. त्यांना गोली हवा होता. मी पँट दुमडून दोन दगडांच्या मधे उभा राहिलो. बावीस वर्षांच्या खुर्चीने कंबर धरली होती. पाच मिनिटांत तीन गोल झाले.

"काका," तो म्हणाला, "तुमी शिट्टी वाजवा जी."