चकतीची गती आणि गाण्याची पट्टी

पनवेल-उरण पट्ट्यातील आगरी समाजात लग्नाचे विधी धवलारिणीच्या धवळ्यांवाचून, म्हणजे लग्नगीते गाणाऱ्या स्त्रीच्या गाण्यांवाचून, पुरे होत नसत, आणि हे गाणे तोंडातोंडीच पुढे जात असल्याने त्याची पट्टी गाणारीच्या गळ्यावर ठरे. कॅसेटच्या काळात आगरी-कोळी गाण्यांचा बाजार उभा राहिला, तेव्हा पट्टीचा ताबा बराचसा यंत्राकडे गेला. कॅसेटची फीत सेकंदाला 4.76 सेंटिमीटर या वेगाने सरकावी असे मानक होते. पण टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा सैल झाला की वेग ढळे, आणि तो शेकडा 3 ने जरी घटला, तरी काळी एकमधले गाणे पांढरी एक आणि काळी एक यांच्या मधोमध अडकून पेटीवाल्याची पंचाईत करी. गतीतला दोष थेट स्वरात उतरत असल्याने, चांगल्या यंत्राचा आग्रह त्या काळी सर्वस्वी रास्त होता.

1 ऑक्टोबर 1982 रोजी जपानमध्ये सोनीचा सीडीपी-101 हा सीडी प्लेअर विक्रीस आला आणि हे नाते तुटले. सीडीवर ध्वनीची मोजमापे आकड्यांत असतात, प्रत्येक वाहिनीसाठी सेकंदाला 44,100. चकती आतल्या कडेला मिनिटाला सुमारे 500, तर बाहेरच्या कडेला सुमारे 200 फेरे घेते. वाचलेले आकडे आधी स्मृतिकोशात साठतात आणि स्फटिकाच्या घड्याळाच्या ठोक्यावर बाहेर पडतात, त्यामुळे मोटरची डुगडुग स्वरापर्यंत पोहोचत नाही. ओरखड्याने गळालेले आकडे दुरुस्त करण्यासाठी जादा आकडेही चकतीवर नोंदलेले असतात, आणि त्यांच्या बळावर आकडे नोंदणाऱ्या खुणांच्या वाटेवरची सुमारे अडीच मिलिमीटर लांबीची सलग खोट अचूक भरून निघते.

पुढे हौशी श्रोत्यांसाठी चकती वाचणारा भाग, म्हणजे ट्रान्सपोर्ट, आणि आकड्यांचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारा भाग, म्हणजे डॅक, वेगवेगळ्या पेट्यांत विकले जाऊ लागले, आणि महागड्या ट्रान्सपोर्टने आवाज खुलतो हा समज (विक्रेत्यांना सोयीचा, हे सांगायला नकोच) रुजला. त्यात तथ्याचा अंश होता: दोन पेट्यांना जोडणाऱ्या तारेतून आकड्यांबरोबर ठोकाही जाई, आणि जुने डॅक त्या ठोक्यातली सूक्ष्म थरथर, म्हणजे जिटर, पुरेशी गाळू शकत नसत. नंतरच्या चांगल्या डॅकनी येणारा ठोका गाळून स्थिर करण्याची सोय केली.

आगरी-कोळी गाण्यांच्या सीडी-व्हीसीडी 2000 नंतर या पट्ट्यात घरोघरी पोहोचल्या, तेव्हा खरा प्रश्न वाचनाचा होता. घरी वा दुकानात रेकॉर्ड केलेल्या चकत्या छापील चकतीपेक्षा कमी प्रकाश परावर्तित करीत. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या चकतीचे परावर्तन तर छापील चकतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी असे, आणि तिच्यापुढे अनेक जुने प्लेअर हात टेकत. ट्रान्सपोर्टची प्रत तिथे नक्की कळत असे: गाणे लागे, अडखळे किंवा लागतच नसे. दोन ट्रान्सपोर्टनी तेच आकडे अचूक वाचले आणि डॅकने ठोका सावरला, तर त्यांच्यातल्या किमतीच्या फरकाला कानाचा आधार उरत नाही.